जुना चित्रपटसंग्रह एचडीत बदलावा का?

घोडबंदरकर
हॉलमध्ये 55 इंची टीव्ही आला आणि जुन्या व्हीसीडींचं पितळ उघडं पडलं. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम एक लाख. ब्ल्यू-रे या एचडी डिस्कचं 1920 बाय 1080, वीस लाखांच्या वर. पावसाचा सीन लागला की व्हीसीडीत चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन हलतात. जे चित्रपट आपण दरवर्षी बघतो, ते तरी एचडीत पुन्हा घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय म्हणणं?

कोपरीकर
अजिबात पटलं नाही, दादा. व्हीसीडीचं सोडा, डीव्हीडी 720 बाय 576 ची असते. आमच्याकडे 32 इंची टीव्ही आणि सोफा आठ फुटांवर. एवढ्या लांबून चांगल्या नजरेलाही डीव्हीडीचे ठिपके सुटे दिसत नाहीत, मग ते वीस लाख असले काय नि चाळीस लाख असले काय! 32 इंचावर 1080 चा पुरता फायदा हवा तर चार-सव्वाचार फुटांवर बसावं लागेल. वन बीएचकेवाल्यांनी त्या पैशात बरे स्पीकर घ्यावेत. पातळ टीव्हीच्या आवाजात अर्धे संवाद कळत नाहीत.

घोडबंदरकर
हिशेब बरोबर आहे, पण 32 इंचांपुरता. 55 इंचांवर दहा फुटांवरूनही डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेमधला फरक दिसतो.

नौपाड्याचा फिल्मवेडा
तुम्ही दोघंही ठिपकेच मोजताय. डिस्क कशावरून काढली ते आधी बघा. 35 एमएमच्या रिळात 1080 ला पुरून उरेल इतका तपशील असतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या, तरी त्यातून जे वाचलं ते आणि इतर प्रती जोडून 2015 मध्ये 4के (1080 च्या साधारण चौपट ठिपक्यांची) प्रत तयार झाली. म्हणजे जुना चित्रपट अंधूकच असणार, हे खरं नाही. उलट व्हिडिओ टेपवरचंच चित्र ताणून 'एचडी' म्हणून विकलं असेल, तर पैसे पाण्यात. ओळखायचं कसं? माणसाच्या कडेला पांढरी रेघ दिसते आणि गाल मेणासारखे गुळगुळीत. फिल्मचा खरा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक कण, पुसले आणि कडा कृत्रिमपणे धारदार केल्या की असंच होतं. परदेशातून मागवताना रिजनही, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे तेही बघा. आपल्याकडचा ब्ल्यू-रे प्लेअर रिजन सीचा, अमेरिकेची रिजन ए डिस्क त्यावर चालत नाही.

ऐरोलीकर
डिस्क घ्यायच्याच कशाला? ओटीटीवर सगळं आहे.

नौपाड्याचा फिल्मवेडा
सगळं नाही, मित्रा. हक्कांची मुदत संपली की चित्रपट तिथून गायब होतो. आणि तिथल्या 1080 ला साधारण पाच-सहा एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट डेटा) मिळतात, ब्ल्यू-रेचं चित्र चाळीसपर्यंत जातं. अंधारातल्या सीनमध्ये हा फरक लगेच कळतो.

नेरूळची ताई
मी वेगळंच सांगते. चित्रपट आज ना उद्या परत मिळेल, घरच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट मिळणार नाही. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. रिळाच्या कडेला पांढरे डाग दिसले तर ती प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू मशीन मिळणंच अवघड होत चाललंय. आणि दुकानदार 'एचडी करून देतो' म्हणून जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. टेपमध्ये तेवढा तपशीलच नाही, 720 बाय 576 पुरेसं आहे.

कोपरीकर
ताईंशी शंभर टक्के सहमत. चित्रपटांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

घोडबंदरकर
मीही माझ्या! कॅसेटचं काम मात्र आधी करतो. आणि फिल्मवेडे, एचडी आली की व्हीसीडी रद्दीत देऊ ना?

नौपाड्याचा फिल्मवेडा
मुळीच नको. कितीतरी मराठी चित्रपट व्हीसीडीवर आले आणि पुढे ब्ल्यू-रेवर आलेच नाहीत. डिस्क कॉम्प्युटरला लावा, 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल हार्ड डिस्कवर घ्या, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. तुमच्या व्हीसीडी कुठल्या चित्रपटांच्या आहेत त्याची यादी इथे टाका, माझ्याकडे काय आहे ते मीही टाकतो.