एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा : मॅटचा (बौद्धिक क्षमता चाचणीचा) पेपर वेळेत सुटत नाही, मदत हवी आहे

बीड जिल्ह्यातली जि.प. शाळा, आठवीची १४ मुलं. सॅट (शालेय विषयांचा पेपर) बरी जाते, अडतं मॅटमध्ये. ९० प्रश्न, ९० मिनिटं, आणि आमची पोरं साठीच्या आसपासच थांबतात. आकृत्या आणि संख्यामालिकेत वेळ जातो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, ओएमआरचा (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचा) सराव झाला, शाळेआधी जादा तासही घेतो. निगेटिव्ह मार्किंग नाही हे शंभरदा सांगितलं, तरी गोल रिकामेच! दिवाळीनंतर पाच जणं आईबापासोबत ऊसतोडीला जातील, थेट परीक्षेलाच येतील. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून ॲप सुचवू नका. उरलेल्या दीड महिन्यात प्रकारानुसार सराव घ्यावा की रोज घड्याळ लावून पूर्ण पेपर? आणि त्या पाच जणांसोबत कागदावर नेमकं काय द्यावं?