मदत हवी आहे: गेमिंग पीसी तयार घ्यावा की असेंबल करावा? उद्यापर्यंत ठरवायचं आहे

तिसरी_लेव्हल
नमस्कार लोकहो. बजेट कमी आहे. एक तयार गेमिंग पीसी मिळतोय: आय ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, लाइटवाले चार पंखे. सुटे भाग घेऊन असेंबल करायचं म्हटलं तर बेरीज याच्यावर जातेय. दुकानदार उद्यापर्यंतच धरून ठेवतो म्हणाला. घेऊ की नको, तेवढंच सांगा.

चिमटा
आय ५ म्हणजे कुठला? २०१२ चाही असतो आणि आत्ताचाही. पूर्ण नंबर टाका. '४ जीबी' ही कार्डाची मेमरी झाली, कार्डाचं नाव काय? एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला? हे कळल्याशिवाय हो किंवा नाही कोणीच सांगू शकणार नाही.

फ्रेमदर
आणि गेम कुठले खेळणार? मॉनिटर आहे की तोही याच पैशांत बसवायचा?

सोफा_प्लेयर
गेमच खेळायचे तर कन्सोल घ्या. ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही, लावला की सुरू.

तिसरी_लेव्हल
कन्सोल नको, मी पीसीबद्दल विचारलंय. मॉनिटर आहे. प्रोसेसरचा नंबर जाहिरातीत नाही, फक्त 'आय ५ हाय स्पीड' लिहिलंय. १६ जीबी रॅम पुरते की नाही, एवढं तरी सांगा.

चिमटा
रॅम पुरते. पण नंबर न लिहिणं हीच धोक्याची खूण आहे, चांगला प्रोसेसर असता तर नंबर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात असता. दुकानदाराकडून तीन फोटो मागवा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधलं सीपीयूचं (प्रोसेसरचं) पान, तिथलंच जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डाचं) पान, आणि कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसच्या स्टिकरचा. पाच मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

तिसरी_लेव्हल
आले फोटो. आय ५-३४७०, जीटी ७३०, रॅम डीडीआर३. स्टिकरवर ४५० वॉट आहे, खाली +१२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गेम व्हॅलोरंट, जीटीए ५, सायबरपंक. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ. आता सांगा.

फ्रेमदर
नका घेऊ. आय ५-३४७० हा २०१२ चा, ४ कोर आणि ४ थ्रेडचा. त्यात एव्हीएक्स २ (जलद गणिताच्या सूचनांचा संच) नाही, आणि ज्या नव्या गेमना ते लागतं ते सुरूच होत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे काही अपवाद सोडता ८ वी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत, हा ३ ऱ्या पिढीचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पळवाट काढून ११ टाकलंत तरी व्हॅलोरंट तिथे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) मागतो, म्हणजे तुमचा पहिलाच गेम अडणार.

जीटी ७३० हे २०१४ चं, तेव्हाही गेमिंगचं कार्ड नव्हतं. ४ जीबीवाल्यात सहसा संथ डीडीआर३ मेमरी असते. मेमरी मोठी दिसते, पण ती भरण्याइतकी कार्डात ताकदच नाही. सायबरपंकला किमान जीटीएक्स १०६० ६ जीबी लागतं, हे त्याच्या जवळपासही नाही.

चिमटा
स्टिकरवरची दुसरी ओळ टाकलीत हे बरं केलंत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर दाखवून ४५० चा आकडा गाठलाय, त्यांचा गेमिंगला उपयोग नाही. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवरच मिळते. यावर पुढे मोठं कार्ड बसवलंत तर ऐन गेममध्ये पीसी बंद पडेल, आणि असला एसएमपीएस जाताना सोबत मदरबोर्डही नेऊ शकतो.

जुनं_ते_सोनं
मग ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड टॉवर घ्या. आय ५-८५०० म्हणजे ६ कोर, विंडोज ११ च्या यादीत बसतो. त्यात आरटीएक्स ३०५० ६ जीबी लावा. हे कार्ड ७० वॉटचं, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतं, वेगळी केबल लागत नाही. कमी पैशांत याहून सरळ मार्ग नाही.

चिमटा
मार्ग बरा आहे, पण अटी सांगा ना सोबत. स्मॉल फॉर्म फॅक्टरचं चपटं कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्कमध्ये २४ पिनांचा नेहमीचा कनेक्टर नसतो, त्यामुळे एसएमपीएस बदलायचा तर अडॅप्टर शोधा, आणि कधीकधी आकारही जुळत नाही. आणि ३०५० घेताना '६ जीबी'च पाहून घ्या. ८ जीबीवाल्याला वेगळी वीज लागते, ती केबल त्या टॉवरमध्ये सहसा नसते.

जुनं_ते_सोनं
म्हणूनच पूर्ण उंचीचा टॉवर म्हटलं. एसएमपीएस बदलायची वेळच येत नाही, स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळतेच. प्रत्येकाला पुढचं अपग्रेड हवंच असतं असं नाही.

फ्रेमदर
सायबरपंकची सवय लागली की अपग्रेड हवंच होतं. शिवाय त्या टॉवरमध्ये पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) आहे. ६ जीबीच्या ३०५० ला त्याने फार फरक पडत नाही, पण कोणी स्वस्त म्हणून आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी सुचवलं तर घेऊ नका. दोन्ही चारच लेनची (बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गांची), ३.० वर मार खातात.

पेंग्विनवाला
विंडोजचाच त्रास असेल तर लिनक्स टाका. स्टीमचा प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा) आता इतका चांगला आहे की बहुतेक गेम आहे तसे चालतात.

फ्रेमदर
व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, अँटीचीटमुळे (गेममधली फसवणूक रोखणारा प्रोग्राम). यांच्या यादीत तोच पहिला आहे.

तिसरी_लेव्हल
ठीक आहे, तो पीसी सोडला. असेंबल करायचा तर काय घेऊ? नेमके भाग सांगा.

फ्रेमदर
रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, आरएक्स ६६०० ८ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) ५५० वॉट एसएमपीएस, पुढे जाळी असलेलं कॅबिनेट. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे वाटणारे परिणाम) बंद ठेवून मध्यम सेटिंगला १०८०पीवर सायबरपंक सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जातो, ७५ हर्ट्झला तेवढं छान. एकूण पैशांतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच ग्राफिक्स कार्डावर जाऊ द्या. बजेटबाहेर जात असेल तर आधी कॅबिनेट आणि एसएसडी लहान करा. एसएमपीएसला हात लावू नका.

क्लॉकस्पीड
५६०० चा एएम ४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) आता कशाला? २०१६ चा सॉकेट, नवे वेगवान प्रोसेसर एएम ५ वर येतात. एकदाच डीडीआर५ वर जा.

फ्रेमदर
बजेट कमी आहे हो! एएम ५ म्हणजे डीडीआर५ सक्तीचं, बोर्डही महाग. तो फरक कार्डातून कापला जाणार आणि फ्रेम तिथेच जाणार.

क्लॉकस्पीड
मग इंटेलचा आय ३-१२१००एफ घ्या. त्याच्याच सॉकेटवर पुढे आय ५-१२४००एफ किंवा १३४००एफ बसतो.

चिमटा
चालेल, तोही चांगला. पण त्याच्यासोबत लोक सहसा एच६१० मदरबोर्ड घेतात, त्यात रॅमचे दोनच स्लॉट. एकच १६ जीबीची पट्टी लावू नका, तिथेही ८ च्या दोन हव्यात, नाहीतर रॅम सिंगल चॅनलमध्ये (एकाच मार्गावर) राहते आणि फ्रेम अडखळतात. तयार पीसीत हीच बचत सर्रास करतात. जाहिरातीत १६ जीबी खरंच असतं, पण पट्टी एकच.

तिसरी_लेव्हल
कार्ड नंतर घेतलं तर? ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं म्हणतात.

फ्रेमदर
व्हॅलोरंट आणि कमी सेटिंगला जीटीए ५ त्यावर चालतील, पट्ट्या दोन असतील तर. सायबरपंक विसरा. आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. शिवाय जी मध्ये पीसीआय एक्सप्रेस ३.०, मग नंतर घेतलेलं आठ लेनचं ६६०० थोडं मागे राहतं. कार्ड दोन-तीन महिन्यांत येणार असेल तर थांबा आणि एकदम ५६०० घ्या. वर्ष जाणार असेल तर जी.

घरघर
मध्येच विचारतो, लॅपटॉपचा पंखा सतत आवाज करतो, पेस्ट बदलायची का?

चिमटा
घरघर, आधी जाळीतली धूळ काढा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. बाकीचं वेगळ्या धाग्यात.

तिसरी_लेव्हल
बरं, ५६०० आणि ६६०० नक्की. पण हे जोडून कोण देणार? मी कधी पीसी उघडलेला नाही.

चिमटा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळा सल्ला त्यावरच ठरतो. दोन मार्ग. सुटे भाग एकाच दुकानातून घ्या आणि त्यांच्याकडूनच जोडून घ्या. बिलावर प्रत्येक भाग मॉडेल नंबरसकट लिहून घ्या, नाहीतर '५५० वॉट एसएमपीएस' या नावाखाली तोच १६ अँपिअरवाला येईल. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी राहते, त्यामुळे सगळे खोके जपून ठेवा.

स्वतः जोडणार असाल तर चुका ठरावीक जागी होतात. बी५५० चा जुना स्टॉक ५००० मालिकेच्या (५६०० त्यातलाच) आधीचा असू शकतो, तो हा प्रोसेसर ओळखणार नाही. बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतलात तर पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतो. ५६०० सोबतचा कूलर स्क्रूचा असतो. बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात आणि त्या काढल्या की मागची धातूची प्लेट सुटून पडते, ती हाताने धरून ठेवा. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यात थोडे थोडे आवळा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारख्या, पण वेगळ्या आहेत, जोर लावून घुसवू नका.

जुनं_ते_सोनं
कॅबिनेटमधले स्टँडऑफही (बोर्ड ज्यावर बसतो ते धातूचे खुंट) मोजा. बोर्डाला भोक नाही तिथे स्टँडऑफ राहिला तर मागून शॉर्ट होतो.

तिसरी_लेव्हल
दुकानातूनच जोडून घेतो. घरी आणल्यावर काय तपासू?

फ्रेमदर
मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टात लावली तर स्क्रीन काळी राहील. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर चालत राहते. एक्सएमपी नंतरचं पहिलं बूट थोडा वेळ काळ्या स्क्रीनवर थांबू शकतं, मध्येच बटण दाबू नका. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरला रॅमचा वेग आणि 'वापरलेले स्लॉट २ पैकी ४' की '१ पैकी ४' ते पाहा. एक आलं तर तसाच परत न्या.

चिमटा
'४ पैकी २' म्हणायचंय त्यांना. आणि व्हॅलोरंटसाठी बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू आहे का ते दुकानातच पाहून घ्या. विंडोज टाकण्याआधी सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद असेल तर डिस्क आपोआप जीपीटी (सिक्युअर बूटला लागणारी नवी मांडणी) होते, नंतर बदलायला गेलात तर जुन्या एमबीआर मांडणीवरून रूपांतर करत बसावं लागतं.