चष्मा लावून पाहणाऱ्याने आठ इंची डॉब्सोनियनसाठी कोणते आयपीस घ्यावेत?

नमस्कार. माझ्याकडे आठ इंची, म्हणजे २०३ मिमी व्यासाची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची, आरशाची) दुर्बीण असून तिचे नाभीय अंतर १२०० मिमी आहे. सोबत २५ आणि १० मिमीचे प्लॉसल (एक साधी, प्रचलित भिंगरचना) आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगे मिळाली, ज्यांतून अनुक्रमे ४८ आणि १२० पट विवर्धन मिळते.

माझी खरी अडचण चष्म्याची आहे. उजव्या डोळ्याला १.७५ चा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा) नंबर आहे. चष्मा काढून पाहिले, तर लांबचा नंबर फोकस फिरवून भरून निघतो, पण सिलिंडरचा दोष तसाच राहतो आणि २५ मिमीच्या आयपीसमध्ये तारे ठिपक्यांसारखे न दिसता एका दिशेने ताणल्यासारखे दिसतात. चष्मा ठेवला, तर १० मिमीच्या प्लॉसलसाठी डोळा भिंगापासून जेमतेम ७ मिमीवर आणावा लागतो. मध्ये काच असल्याने ते जमत नाही आणि दृश्याच्या कडा कापल्या जातात.

वाचनावरून माझा समज असा झाला आहे की, २५ मिमीच्या आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशझोत सुमारे ४.२ मिमी रुंद असतो, तर ६ मिमीच्या आयपीसमधून तो १ मिमीच उरतो. इतका अरुंद झोत डोळ्याच्या छोट्याशा भागातूनच जात असल्यामुळे सिलिंडरचा दोष फारसा जाणवत नाही. तसे असेल, तर चष्मा फक्त कमी विवर्धनाला लागेल आणि लांब आय रिलीफचा (डोळा भिंगापासून दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसण्याच्या सोयीचा) खर्च तिथेच करावा लागेल. १.७५ नंबर असलेल्या कोणाचा असा अनुभव आहे का?

कमी विवर्धनासाठी ३२ मिमीचा प्लॉसल घ्यावा, की दोन इंची नळीचा, ७० अंशांचा ३० मिमी आयपीस? पहिल्यात सुमारे १.४ अंश आकाश मावते, दुसऱ्यात १.७५. पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याला गेल्यावर कृत्तिका शक्य तितक्या एकत्र पाहण्याची फार इच्छा आहे, त्यामुळे मन दुसऱ्याकडे ओढते, मात्र एफ/५.९ ला (नाभीय अंतर भागिले व्यास) स्वस्त रुंद आयपीसच्या कडेला तारे पसरतात आणि जड आयपीसने नळीचे तोंड खाली झुकते, असेही वाचले आहे.

ग्रहांसाठी २०० पटींच्या आसपास जायचे आहे. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला काठावरून दिसत होती, ती आता पुन्हा उघडत आहेत, आणि कड्यांमधली काळी कॅसिनीची फट माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी असे मनापासून वाटते. तिला चष्मा नाही. दोघांनाही सोयीचा म्हणून वर-खाली होणारे रबरी आयकप आणि लांब आय रिलीफ असलेला ६ मिमीचा आयपीस घ्यावा, की हाताशी असलेल्या १० मिमीलाच दुप्पट बार्लो (विवर्धन वाढवणारे जोडभिंग) लावून २४० पटींवर समाधान मानावे?