रेवदंडा-मुरूड पट्ट्यात 'वंश' किती टक्के? (लेकीचा प्रोजेक्ट, मदत हवी)

रेवदंड्याची_मेघा:

नमस्कार मंडळी. अडलंय म्हणून विचारतेय. आम्ही विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात राहतो. लेक सातवीत आहे. तिच्या वर्गाने गावाच्या लोकसंख्येचा तक्ता केला: गोरे इतके टक्के, काळे इतके, आशियाई इतके (म्हणजे आम्ही चौघं आणि एक तेलुगू डॉक्टर). आता ज्यांचे आईवडील बाहेरून आलेत त्यांनी त्यांच्या गावाचाही तस्साच तक्ता करायचाय. माझं माहेर रेवदंडा. दोन रात्री जनगणनेची पानं चाळली. बायका-पुरुष, साक्षर-निरक्षर, सहा वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, सगळं मिळालं. वंश कुठेच नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, "लिही, सगळे आपलेच." ते शंभर टक्के म्हणून टाकू का? कोळीवाडा, खाडीपलीकडचे कोर्लईचे ख्रिश्चन, मुरूडचे सिद्दी (मूळचे आफ्रिकेतून आलेले), अलिबागची इस्राएल आळी (म्हणजे बेने इस्राएल यहुद्यांची वस्ती), सगळं डोळ्यांसमोर आहे. आकडे कोणाकडे आहेत का?

दादरकर_शिकागो:

आधी एक सांगतो, तिकडच्या तक्त्याची बेरीज शंभराच्या वर गेली तर दचकू नका. 2020 पर्यंत हिस्पॅनिक आहात का हा प्रश्न वेगळा आणि वंशाचा वेगळा. एकच माणूस दोन्हीकडे मोजलेला दिसतो. आणि ते रकानेही काही दगडावरची रेघ नव्हेत. 1970 साली अमेरिकेने आपल्याला गोऱ्यांत धरलं होतं, 1980 पासून 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन आला. माझे काका त्या दहा वर्षांत गोऱ्याचे आशियाई झाले, उन्हात न जाता.

चौलचे_मास्तर:

मेघाताई, आकडे मिळणार नाहीत, कारण ते कोणी घेतलेच नाहीत. हे मी खात्रीने सांगतो, कारण न घेणाऱ्यांत मी होतो. जिल्हा परिषद शाळेत होतो. 2001 ला मुरूड तालुक्यात आणि 2011 ला अलिबागला प्रगणक म्हणून घरोघर हिंडलो. 2011 च्या फॉर्मात माणशी 29 प्रश्न होते. धर्म, अनुसूचित जाती-जमाती, मातृभाषा, येणाऱ्या आणखी दोन भाषा, सगळं विचारायचं. वंश नाही. जात विचारायची ती फक्त अनुसूचित असेल तर.

कोर्लईचं सांगतो. 2001 ला मोजणीसाठी मला मिळालेला भाग तिथे होता. मातृभाषेची सूचना अशी की आई लहानपणी ज्या भाषेत बोलायची ती लिहा, आणि माणूस सांगेल तशीच लिहा, आपलं डोकं चालवू नका. एका ख्रिश्चन घरात ओटीवर जाळं विणत बसलेल्या आजोबांना विचारलं. म्हणाले, "नौ लिंग." म्हणजे आमची बोली. पोर्तुगीज 1740 ला गेले, किल्ला मराठ्यांकडे आला, पण पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली ही बोली चुलीपाशी राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास. मी सुवाच्य अक्षरात 'नौ लिंग' लिहिलं. संध्याकाळी पर्यवेक्षकांनी फॉर्म पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, लिंगाचा रकाना वर आहे. आणि तिथे तुम्ही पुरुष लिहिलंय. मग खाली नऊ कसली?" पुढचा अर्धा तास मी त्यांना भाषाशास्त्र शिकवलं. शेवटी म्हणाले, "ठेवा, पण माझ्या सहीला काही झालं तर तुम्ही जबाबदार."

एवढं करून ते छापून आलं का? नाही. देशभरात दहा हजारांपेक्षा कमी लोक जी भाषा सांगतात ती स्वतंत्र छापत नाहीत, 'इतर' मध्ये जाते. माझं भाषाशास्त्र तिथेच गेलं.

इस्राएल आळीत 2011 ला गेलो. तिथलं सिनेगॉग 1848 चं. आता घरं हाताच्या बोटांवर, बाकी सगळे इस्रायलला किंवा मुंबई-ठाण्याला. धर्माला कोड होते: हिंदू 1, मुस्लिम 2, ख्रिश्चन 3, शीख 4, बौद्ध 5, जैन 6. यहुद्यांना कोड नाही, धर्माचं नाव अक्षरी लिहायचं. म्हटलं बरंच आहे, बाकीच्यांचा आकडा झाला, यांचं नाव तरी राहिलं. आजींना मातृभाषा विचारली तर माझ्यावरच उखडल्या, "मराठी नाही तर काय?" दुसरी भाषा म्हणून हिब्रू लिहू का विचारलं. म्हणाल्या, "प्रार्थना वाचते, पण समजत नाही. खोटं लिहू नकोस." खोडायला नको म्हणून मी आधीच पेन वर धरून बसलो होतो. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून यांना पूर्वी शनवार तेली म्हणत. आता तेलही नाही, पण शनिवार आहे. तुमच्या मुलीला हे 'रेस'मध्ये घालायचं की 'रिलिजन'मध्ये, ते तिच्या बाईंनाच विचारा. मला ठरवता आलेलं नाही.

कोळीवाड्यात भांडण ठरलेलं. "मास्तर, आमी कोलीच ना? मंग एसटीत ल्हा ना." एसटीच्या, म्हणजे अनुसूचित जमातींच्या, यादीत महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी. आपल्या किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. एका बाईने मला सुकटीच्या टोपलीवर बसवून पाऊण तास समजावलं. ती पटण्यासारखं बोलत होती, पण यादी माझ्या हातात नव्हती.

आणि कातकरी. जमात यादीत आहे, आदिम म्हणून वेगळी नोंदही आहे. पण जनगणना फेब्रुवारीत, आणि दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर गेलेली. अकरा झोपड्या होत्या, नऊंना दाराला काटेरी झाप लावलेलं. एका म्हातारीने बोटांवर मोजत नावं सांगितली, कोण कुठल्या भट्टीवर ते सांगितलं. फॉर्मात लिहिता येईना, कारण तिथे राहणाऱ्यांचीच मोजणी. भट्टीवरच्या प्रगणकाने त्यांना धरलं असेल तर धरलं. म्हणून तुम्हाला गावाचा जमातीचा आकडा दिसतो त्यात माझ्या त्या वाडीचे दोनच उंबरे आहेत.

मुरूडकर_77:

मास्तर, सिद्दी राहिले की. लोक मुरूडला येतात, पहिला प्रश्न किल्ला किती वाजता बंद होतो, दुसरा सिद्दी कुठे बघायला मिळतील. आम्ही काय प्राणिसंग्रहालय आहोत? जंजिऱ्याचं सिद्दींचं संस्थान 1948 ला विलीन झालं. गावातले बहुतेक मुसलमान कोकणी. सिद्दी घराणी मोजकी, आणि इतक्या पिढ्यांचे सोयरसंबंध की कोण कोणाचं हे आम्हालाच सांगता येत नाही. माझी आजी सिद्दी, बाकी तिघं आजीआजोबा कोकणी. मी किती टक्के? पंचवीस लिहायचं तर माझ्या भावालाही पंचवीसच, आणि आम्हा दोघांना शेजारी उभं केलंत तर कोणी भाऊ म्हणणार नाही.

चौलचे_मास्तर:

बरोबर आहे तुमचं, राहिलं. फॉर्ममध्ये तुमच्याकडे माझ्याकडून कोड 2 आणि अनुसूचित जमात 'नाही', एवढंच लिहिलं गेलं. गंमत म्हणजे कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात 2003 पासून सिद्दी अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. म्हणजे हद्द ओलांडली की रकाना बदलतो. दादरकरांच्या काकांसारखंच.

रेवदंड्याची_मेघा:

सगळ्यांचे खूप आभार. मुरूडकर, चुकून बोचलं असेल तर माफ करा, पुढच्या वेळी भेटायला येईन, बघायला नाही. लेकीने तक्ता केला. डावीकडे सात नावं: आगरी, कोळी, कातकरी, कोकणी मुसलमान, सिद्दी, बेने इस्राएल, कोर्लईचे ख्रिश्चन. उजवीकडे टक्क्यांच्या रकान्यात सातही ठिकाणी 'विचारलं नाही'. बाईंनी विचारलं, कोणी नाही विचारलं? ती म्हणाली, आईच्या गावच्या एका मास्तरांनी. (ब्राह्मण, सीकेपी, भंडारी, माळी राहिले, हे बाबांनी नंतर ऐकवलं. वाद नको म्हणून मी फोन ठेवला.)

चौलचे_मास्तर:

बौद्धही राहिले की, कोड 5. पण लेकीला शाबासकी सांगा. 2027 ला जात विचारणार आहेत, सगळ्यांची, आणि तेही मोबाइलवर. वंश तेव्हाही नाही. मी निवृत्त झालो, माझी सुटका झाली. कोर्लईला कोणाची नेमणूक होते ते कळलं की एकदा चहाला बोलावणार आहे. त्या पोराला मातृभाषेचं आधीच सांगून ठेवलेलं बरं.