लाल दिवा लागला की हसायचं: रेडिओ केंद्रावरचे साहेब आणि आपण

छोट्या रेडिओ केंद्रावर नऊ वर्षं काढून मी गेल्या महिन्यात राजीनामा दिला. कामाचा कंटाळा आला म्हणून नाही, साहेबांमुळे. वरिष्ठांचा जाच इतर नोकऱ्यांतही असतो, पण तिथे बोलणी खाल्ल्यावर निदान पाच मिनिटं जिन्यात जाऊन उभं राहता येतं. आपल्याकडे गाणं संपायला चाळीस सेकंद उरलेले असतात. फेडर, म्हणजे माइकच्या आवाजाची सरकपट्टी, वर सरकवायचा, माइक चालू झाल्याचा लाल दिवा लागतो आणि "नमस्कार, कसे आहात सगळे?" असं उत्साहात म्हणायचं. शेवटच्या वर्षात तर लिंकच्या, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्याच्या, आधी हाताला इतका घाम सुटायचा की फेडरवरून बोट घसरायचं. मी कन्सोलपाशी रुमाल ठेवायला लागले होते.

स्थानिक केंद्रात माणसं असतात किती? बारा-पंधरा. त्यामुळे तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच टेबलावर जाऊन पडते. वरचे लोक असलेच तर दूर कुठेतरी बसलेले, आणि त्यांना महिन्याचा जाहिरातींचा आकडा तेवढा दिसतो. म्हणून हे अनुभव एका ठिकाणी यावेत असं मनापासून वाटतं. केंद्राचं, माणसाचं नाव घेऊ नका. काय झालं ते लिहा आणि तुम्ही काय केलंत तेही लिहा.

*

संध्याकाळच्या शोची निवेदिका

माझा अनुभव टॉकबॅकचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये एक बटण असतं. ते दाबून बोललेलं फक्त निवेदकाच्या हेडफोनमध्ये येतं, श्रोत्यांना ऐकू जात नाही. "कॉलर तयार आहे", "वीस सेकंद उरलेत" एवढ्यापुरतं ते असतं, आणि माइक चालू असताना फार गरज असल्याशिवाय कुणी ते दाबत नाही. आमचे सर नेमके तेव्हाच दाबायचे. मी वाक्याच्या मध्यावर, आणि कानात "झोपलीस का?", "रडका आवाज काढू नकोस", "कोण ऐकणारे हे?" वाक्य अडखळलं की शो संपल्यावर त्या अडखळण्यावरून पुन्हा ऐकून घ्यायचं.

एका संध्याकाळी फोन-इनमध्ये एक आजोबा आले. बायको जाऊन महिना झाला होता. तिच्या आवडीचं गाणं मागत होते आणि बोलता बोलता थांबले. मीही थांबले. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. तीन-चार सेकंद गेले असतील, तेवढ्यात कानात आलं, "काट त्याला. डेड एअर जातंय."

डेड एअर म्हणजे प्रक्षेपणात काहीच नसणं. इथे एक माणूस होता. आमच्याकडे टॉकबॅक डाव्या कानात यायचा. मी तो कान मोकळा केला आणि आजोबांना म्हटलं, "घाई नाही, सावकाश सांगा." दुसऱ्या दिवसापासून माझ्या शोमधला फोन-इन बंद झाला.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. प्रक्षेपित झालेला प्रत्येक शब्द लॉगरवर, म्हणजे सतत ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रावर, साठतो. टॉकबॅकचा एकही नाही. माझं अडखळणं कायमचं नोंदलेलं, आणि ते कशामुळे झालं याचा कुठे मागमूस नाही. नंतर मी वही केली. तारीख, वेळ, कोणती लिंक चालू होती आणि कानात आलेले शब्द, जसेच्या तसे. सहा महिन्यांत वही भरत आली. बदली मागताना ती पुढे ठेवली, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला "जरा जास्तच मनावर घेतेस" असं म्हणालं नाही.

*

शनिवार-रविवारचा निवेदक

सकाळी सहाचा शो म्हणजे पाचला केंद्रावर. आमचा ड्यूटी चार्ट रात्री अकराला बदलायचा, फोनवर एका ओळीत. झोपलेल्या माणसाने तो वाचला नाही की कारणे दाखवा नोटीस. मी दर वेळी "मिळालं, रात्री ११:१०" एवढंच उत्तर पाठवायला लागलो. दोनेक महिन्यांत चार्ट संध्याकाळी यायला लागला.

*

ट्रान्समीटरवरचा तंत्रज्ञ

ताई, तुमच्या त्या चार सेकंदांबद्दल आधी सांगतो. सायलेन्स डिटेक्टर ठरावीक वेळ आवाज आला नाही की आपोआप राखीव गाणी सुरू करतो. आमच्याकडे तो वीस सेकंदांवर लावलेला होता. चार सेकंदांच्या शांततेने काहीही बिघडत नाही. तुम्ही योग्य केलंत.

आता माझं. एक किलोवॉटचा ट्रान्समीटर. अँटेनाकडून परत येणारी शक्ती, म्हणजे रिफ्लेक्टेड पॉवर, एरवी दोन-तीन वॉट. पाऊस सुरू झाला आणि ती हळूहळू चाळीसपर्यंत चढली. केबलच्या जोडात पाणी शिरलं की हेच होतं. दर तासाला लॉगबुकात आकडा लिहीत होतो, तीनदा लेखी कळवलं. साहेब म्हणाले, "गाणी वाजतायत ना? मग गप्प बस." एका रात्री जोरात पाऊस झाला, आकडा आणखी चढला आणि यंत्राने स्वतःला वाचवायला शक्ती निम्म्यावर आणली. प्रक्षेपणाच्या टोकाच्या गावांत आवाज खरखरायला लागला. साहेबांनी मला ती सुरक्षाच बंद करायला सांगितली. मी नाही म्हटलं. ती बंद केली असती तर ॲम्प्लिफायरच जळाला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांना मनोऱ्यावर माणूस चढवायचा होता, प्रक्षेपण चालू ठेवून, कारण सकाळच्या जाहिराती चुकवायच्या नव्हत्या. माणसाचं शरीर ज्या लहरी सर्वांत जास्त शोषून घेतं, त्याच टप्प्यात ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएमची पट्टी येते. चालू अँटेनाजवळ माणूस पाठवणं म्हणजे त्याला आतून भाजणं. चढायला आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, पट्टा बांधून तयार. त्याला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. मी ट्रान्समीटर बंद केला, मुख्य स्विचला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि लॉगबुकात वेळ लिहिली. बावन्न मिनिटं केंद्र बंद होतं. माझी तीन दिवसांची पगारकपात झाली. चौकशीत ती लॉगबुकाची पानं बघितल्यावर ती परत मिळाली. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही हो. शाईने लिहून ठेवा.

*

निर्माती

रात्रपाळीत काम करणाऱ्यांवर मालिका केली होती. परिचारिका, पहारेकरी, रेल्वेचे सांधेवाले. चार महिने रात्री-अपरात्री रेकॉर्डर घेऊन फिरले. पहिला भाग १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनाला गेला. संयुक्त राष्ट्रांचं रेडिओ केंद्र १९४६ साली त्या तारखेला सुरू झालं, म्हणून युनेस्कोने २०११ मध्ये तो दिवस ठरवला. नंतर कळलं की स्पर्धेच्या प्रवेशिकेवर संकल्पना, संशोधन, लेखन सगळीकडे साहेबांचं नाव होतं.

माझ्याकडे मूळ ध्वनिफिती होत्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला मी माझ्या आवाजात तारीख, जागा आणि समोरच्याचं काम सांगितलेलं. आयोजकांना त्यातल्या पाच पाठवल्या. नाव दुरुस्त झालं. वर्षभर मला एकही नवीन कार्यक्रम मिळाला नाही, हेही खरं आहे आणि तेही सांगायला हवं.

*

माजी केंद्रप्रमुख

मी दुसऱ्या बाजूचा आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

एअरचेक म्हणजे निवेदकाचं प्रक्षेपण त्याच्याबरोबर बसून पुन्हा ऐकणं. दोघांनीच बसायचं, दार लावून. काय जमलं ते आधी, मग एखादीच चूक. मला असंच शिकवलं होतं. पण जाहिराती घटल्या, वरून रोज फोन यायला लागले, आणि मी एका नव्या मुलीची चूक सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये वाजवली. एकदा नाही, तीनदा मागे नेऊन. बाकीचे हसले, कारण मी हसत होतो. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली, मान वर केली नाही. महिन्याभरात तिने रेडिओ सोडला. वरून दबाव होता हे कारण आहे, पण बटण माझ्या बोटाखाली होतं.

*

संध्याकाळच्या शोची निवेदिका

सर, हे तुम्ही तिला सांगितलंत का?

*

माजी केंद्रप्रमुख

हो. वरचं लिहिण्याआधी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती क्लिप अजून असेल तर पुसून टाका." जुन्या केंद्रावर जाऊन आज ते करून आलो.