ऑफिसच्या मजल्यावरचे फायर डोअर: बिजागरीखाली पॅकिंग कसलं घालायचं?

सचिव: नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावर ऑफिसच्या पॅसेजमधून दोन जिन्यांत उघडणारे दोन्ही फायर डोअर (आग-धूर अडवणारे दरवाजे) नीट बंद होत नाहीयेत. लिफ्टकडच्या दाराचा पल्ला उतरलाय, लॅचच्या बाजूला खाली घासतो. मागच्या दाराचं लॅच जेमतेम अडकतं, जरा धक्का लागला की दार उघडतं. सुतार बघून गेला. बिजागरीखाली पॅकिंग द्यावं लागेल म्हणतो, दोन्हींचे मिळून ८०० रुपये. आज संध्याकाळी करून घेऊ का?

ऑफिस २०३: घ्या करून लगेच. सारखं कोणीतरी उठून दार ओढून लावावं लागतं.

बी-११०४: सचिव साहेब, आज थांबवा त्याला. पॅकिंग कसलं देणार ते विचारलंत का?

सचिव: सनमायकाचे तुकडे किंवा प्लायची पट्टी म्हणाला. घराघरांतून हेच करतो ना तो, काका?

बी-११०४: घरच्या दाराला चालतं, फायर डोअरला अजिबात नाही. माझी सगळी नोकरी तळोज्यात मेटल डोअरच्या फॅब्रिकेशनमध्ये झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कृपया सगळ्यांनी वाचा.

फायर डोअरची चाचणी भट्टीत होते, आणि चाचणीत पास होतं ते अख्खं जुळवलेलं दार: पल्ला, चौकट, बिजागऱ्या, लॅच, क्लोजर (दार आपोआप लावणारं यंत्र) सगळं मिळून. भट्टीचं तापमान ठरलेल्या चढणीने वाढवतात. १० मिनिटांत साधारण ६७८ अंश, अर्ध्या तासात ८४२, तासाभरात ९४५, दोन तासांना जवळपास १०५०. आपले दरवाजे १२० मिनिटांचे आहेत, पल्ल्याच्या बिजागरीकडच्या कडेला तसं लिहिलेली पट्टी आहे. आता त्यात सनमायका घाला. तो सुरुवातीच्या मिनिटांतच जळून जाईल, प्लास्टिकची शिम (पॅकिंगची पातळ पट्टी) तर त्याहून आधी वितळेल. पॅकिंग गेलं की स्क्रू सैल, बिजागरी हलली, पल्ला आणखी उतरला, आणि वरच्या कोपऱ्यातल्या फटीतून धूर थेट जिन्यात. वरच्या मजल्यांवरची माणसं त्याच जिन्यातून खाली येणार आहेत.

ए-५०२: मग ॲल्युमिनियमची पट्टी घालूया की काका. हलकी असते, गंजतही नाही.

बी-११०४: नको ताई. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे भट्टीत दहा मिनिटंसुद्धा टिकणार नाही. पितळ ९०० ते ९४० च्या दरम्यान जातं, म्हणजे तासाच्या आत. शिम स्टीलचीच हवी. त्यातही साधा काळा पत्रा कापून घालू नका. बेलापुरात खाडीचा वारा आणि चार महिने पावसाळी दमट हवा. पत्रा गंजून फुगतो आणि आपण बसवलेली फट वर्षभरात बिघडते. आपल्या बिजागऱ्या एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) आहेत, तेव्हा शिम एसएस ३०४ ची घ्या.

माप बिजागरीच्या पानाएवढंच, लांबी-रुंदीला पूर्ण, आणि भोकं पानाच्या भोकांशी जुळणारी. यू आकाराची शिम स्क्रू ढिले करून नुसती सरकवता येते म्हणून मिस्त्री लोकांना आवडते, पण मी इथे ती घेणार नाही. स्क्रूच्या चारही बाजूंनी पान टेकलेलं हवं. शिवाय पातळ पातळ तुकड्यांची चळत रचायची नाही. लागेल त्या जाडीची एकच शिम.

ऑफिस २०३: जाडी कशी ठरवायची? अंदाजाने?

बी-११०४: फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजून. पण त्याआधी बिजागरीच तपासायची. पल्ला उतरण्याचं कारण बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे सैल स्क्रू किंवा झिजलेलं बेअरिंग असतं. तसं असेल तर स्क्रू आवळा किंवा बिजागरी बदला. झिजलेल्या बिजागरीखाली शिम घालणं म्हणजे दुखणं झाकणं. ती ठीक निघाली, तर लिफ्टकडच्या दाराला खालच्या बिजागरीखाली १ मिमी आणि मधल्या बिजागरीखाली त्याच्या निम्मी द्यायची, म्हणजे लॅचची बाजू वर उचलली जाते. मधलीला काहीच दिलं नाही तर तिन्ही पिना एका रेषेत राहत नाहीत, आणि सगळा ताण बेअरिंगवर येतो.

मागच्या दाराचं वेगळं आहे. काल पट्टीने मोजलं: बिजागरीकडे दीड मिमी, लॅचकडे ६. तिथे तिन्ही बिजागऱ्यांखाली सारखी २ मिमी दिली की साडेतीन आणि ४ होईल. अमेरिकेच्या एनएफपीए ८० या फायर डोअरच्या मानकात लोखंडी दाराला वरच्या आणि बाजूच्या फटीसाठी साधारण ३ मिमी, दीड मिमी कमी-जास्त, असं धरलेलं आहे. त्यात हे बसतं. पण आपल्या दाराला किती फट चालते हे त्याच्या टेस्ट रिपोर्टवरूनच पक्कं करायचं. उत्पादकाला मेल करून शिमचा धातू आणि जाडी लेखी मागवा.

आणि हो, शिम घातली की स्क्रूचे आटे तेवढे कमी पकडतात. तेव्हा त्याच जातीचे थोडे लांब मशीन स्क्रू घ्या. पल्ल्याला रंधा किंवा ग्राइंडर लागू देऊ नका, चौकटीत नवीन भोक नको.

ए-७०१: एवढ्याशा पट्टीसाठी एवढा खर्च? ८०० वरून किती होणार?

बी-११०४: एसएसच्या शिमा महाग नसतात दादा, मजुरी वाढेल. पण २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी (अग्निसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो, त्यावर लायसन्सधारक एजन्सीची सही असते. काम त्यांच्याकडूनच करून घेतलं तर नोंद राहील. आणि खरं सांगू का, जिन्यात धूर शिरला तर सातव्या मजल्यावरून खाली यायला तुमच्या घरच्यांनाही हेच जिने आहेत.

ए-७०१: बरोबर आहे काका. माझी हरकत नाही.

सचिव: सुताराला नको कळवलं. उत्पादकाला आणि एजन्सीला आत्ताच मेल टाकतो, टेस्ट रिपोर्टची कॉपी फाइलमधून काढून ठेवतो.

बी-११०४: छान. शिम बसली की क्लोजरचा वेग पुन्हा लावायला सांगा. दार अर्धं उघडून सोडून बघायचं, हात न लावता लॅच अडकलं पाहिजे. दोन्ही पल्ले एकाच दिवशी उतरवू देऊ नका, एक जिना कायम बंदिस्त राहू दे. आणि २०३, तोवर दाराला कुंडी किंवा वीट लावून ते उघडं ठेवू नका, प्लीज.

ऑफिस २०३: कुंडी काढली काका. स्टाफलाही सांगतो.