जुन्या गाडीच्या बाहेरच्या पट्ट्या घरी बदलताना आलेले अनुभव

गोडोली, सातारा

आमच्या २००२ सालच्या मारुती ८०० च्या दारांवरची काळी पट्टी पांढुरकी पडून एका टोकाने सुटली होती. एवढ्याशा कामासाठी गॅरेजवाले गाडी दोन दिवस ठेवून घेतात, म्हणून मी ती अंगणातच बदलली. ज्यांनी असे काम स्वतः केले असेल त्यांनी आपला अनुभव लिहावा, विशेषतः जिथे फसगत झाली तो भाग. सुरुवात माझ्या फजितीने करतो.

हेअर ड्रायरने पट्टी कोमट करून तिच्यामागून गळाची नायलॉनची दोरी करवतीसारखी ओढली, की जुनी पट्टी रंगाला ओरखडा न पाडता सुटते. उरलेला चिकट थर टर्पेंटाइनने निघाला (रॉकेल आता मिळते कुठे?), पण त्याचा ओशटपणा मी नीट काढला नाही, शिवाय दिवस ऑगस्टचे, पत्रा गार आणि हवा ओली. आठ दिवसांत खंबाटकी घाटात नवी पट्टी फडफडू लागली. दुसऱ्या वेळी शाम्पूच्या पाण्याने आणि मग निम्मे पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसला, कोरड्या दिवशी पट्टी दाबून बसवली आणि तीन दिवस गाडी धुतली नाही, कारण अ‍ॅक्रिलिक फोमच्या डबल टेपची पकड पूर्ण येण्यास साधारण ७२ तास लागतात. ती पट्टी अजून जागेवर आहे.

मिरज

माझा अनुभव काचेलगतच्या बाहेरच्या रबरपट्टीचा आहे. ती शोभेची नसते. काचेवरून ओघळणारे पाणी ती बाहेरच अडवते आणि जे थोडे आत जातेच, ते दाराच्या तळाच्या छिद्रांतून निघून जाते. माझ्या गाडीची पट्टी तडकलेली आणि छिद्रे रानातल्या चिखलाने बुजलेली होती, त्यामुळे दार उघडताना आत पाणी खळखळत असे. आतले पॅनेल काढायला गेले, तर काच फिरवायच्या हँडलमागची तारेची क्लिप काही केल्या निघेना. शेवटी शेजारच्या काकांनी हँडलमागे जुन्या साडीची चिंधी अडकवून ती बूट पुसताना ओढतात तशी दोन्ही हातांनी ओढली आणि क्लिप टणकन उडाली. ती शोधण्यात अर्धा तास गेला, तेव्हा खाली चादर आधीच अंथरावी. डाव्या-उजव्या दारांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. जुनी सोबत नेल्याशिवाय नवी घेऊ नये.

विश्रामबाग, सांगली

मी बंपर बदलला नाही, हीट गनने काळा केला. प्लास्टिकचा पृष्ठभाग तापला की काळेपणा लगेच परततो, परंतु उन्हाने खराब झालेला थर तोच राहतो. सांगलीच्या दोन उन्हाळ्यांत बंपर पुन्हा राखाडी झाला आणि दुसऱ्यांदा तापवताना हात क्षणभर थांबला तेथे प्लास्टिक वितळून चकाकू लागले.

कराड

वर बहुतेकांनी पट्टीविषयी लिहिले आहे. मी तिच्याखाली काय सापडले ते सांगतो. चाकाच्या कमानीवरची पट्टी उसाच्या ट्रॉलीला घासून फाटली, म्हणून काढली, तर आत वर्षानुवर्षांची माती आणि क्लिपांच्या भोकांभोवती गंज. नवी पट्टी आणून ठेवली होती, तरी ती तशीच बसवण्याचा मोह आवरला. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासून प्राइमर आणि रंगाचे दोन हात दिले. त्यात रविवार गेला, पट्टी मात्र दहा मिनिटांत बसली. जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नयेत, त्या काढतानाच तुटतात.

गोडोली, सातारा

कराडकरांचे वाचून मी पट्टीचे टोक उचलून पाहण्याच्या बेतात होतो, पण माझी पट्टी चिकटवलेली असून तिला भोके नाहीत. एक राहिले: पट्टी चिकटवण्यापूर्वी मास्किंग टेपने सरळ रेषा आखावी आणि पट्टी नुसती धरून दार पूर्ण उघडून पाहावे, नाहीतर तिचे टोक शेजारच्या पत्र्याला घासते.